हानीचे शब्द : वैद्याच्या पोथीपासून भरपाईच्या कागदापर्यंत



माणसाचा एखादा अवयव जागच्या जागी असतो, पण त्याचे काम थांबलेले असते. डोळा उघडा असतो आणि दिसत नाही. कान शाबूत असतो आणि ऐकू येत नाही. हात खांद्याला असतो आणि उचलत नाही. अशा हानीला वैद्यकाने, लोकांनी आणि कायद्याने कोणकोणती नावे दिली, ती आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात कोणत्या वाटेने आली आणि त्या नावांवर माणसाचे किती काही अवलंबून राहिले, हा आजचा विषय आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि भाषापंडितही नव्हे. कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिताना डॉक्टरी दाखल्यांतले शब्द आमच्यापुढे येत गेले, त्यांचा अर्थ लावताना त्यांचा इतिहासही वाचावा लागला, एवढाच आमचा या विषयातला अधिकार.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींवर एक अध्याय आहे. शरीराच्या एका बाजूची हालचाल नष्ट होण्याला तेथे 'पक्षवध' म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत 'पक्षाघात' हा शब्द येतो. पक्ष म्हणजे बाजू आणि आघात म्हणजे तडाखा. तोंड एका बाजूला ओढले जाते, त्याला 'अर्दित'; कानाच्या हानीला 'बाधिर्य'; रात्री न दिसण्याला 'नक्तांध्य'. दृष्टी मंदावण्याच्या तर चढत्या पायऱ्याच सुश्रुत-वाग्भटांनी कल्पिल्या आहेत: आधी तिमिर, मग काच, शेवटी लिंगनाश. म्हणजे हानी एकदम होते की हळूहळू, थोडी होते की पूर्ण, हा विचार या नावांतच केलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे कायद्यापाशी आल्यावर ती उपयोगी पडेल.

आता पाश्चात्त्य वैद्यकाचे शब्द पाहा. ते बहुधा ग्रीक भाषेतून घडवलेले आहेत. अर्धे अंग जाण्याला 'हेमिप्लेजिया' म्हणतात. त्यातील 'हेमि' म्हणजे अर्धे आणि 'प्लेगे' म्हणजे तडाखा. इंग्रजीत याच दुखण्याला 'स्ट्रोक' म्हणतात, त्याचाही अर्थ तडाखाच. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या लोकांनी धडधाकट माणूस क्षणात कोसळताना पाहिला आणि प्रत्येकाच्या तोंडून एकच कल्पना निघाली: याला कोणी तरी तडाखा मारला! 'पॅरालिसिस' या शब्दाच्या मुळाशी सैल सुटणे हा अर्थ आहे. आपला 'लुळा' हा शब्द त्याच्या फार जवळचा. वाचा गेली तर 'अफेजिया', संवेदना गेली तर 'ॲनेस्थेशिया'. यातील आरंभीचे 'अ' आणि 'अन्' हे आपल्या संस्कृतातील 'अज्ञान' आणि 'अनादि' या शब्दांतल्या 'अ' आणि 'अन्' यांचे सख्खे भाऊ आहेत. व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' हा नियमही दोन्ही भाषांत तोच. तेव्हा डॉक्टरांचे शब्द ऐकून कोणी बिचकून जाण्याचे कारण नाही. ते परक्या घरचे असले तरी परक्या कुळाचे नाहीत.

पण ग्रंथांपेक्षा लोकांच्या बोलीने हा विषय अधिक आपलासा केला आहे. आमच्याकडे कोणाला पक्षाघात झाला, असे खेड्यात कोणी म्हणत नाही. 'त्याच्या अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. वरवर पाहता हे अडाणी बोलणे वाटेल. पण चरकाने हा विकार वाताचा, म्हणजे वायूचा मानला; त्यावरून 'अर्धांगवायू' शब्द झाला; आणि त्या वायूचे 'वारं' होऊन ते शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसले. ज्याने पोथी कधी पाहिली नाही, त्याच्या तोंडी पोथीतला सिद्धान्त असा टिकून राहिला. त्याच्या शेजारी 'लकवा' हा अरबी शब्द नांदतो. मूळ अरबीत तो चेहरा वाकडा होण्यापुरता होता. मराठीत येऊन त्याने साऱ्या अंगाचा ताबा घेतला.

'बधिर' या शब्दाची कथा याहून गमतीची आहे. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतातून झिजत तो मराठीत 'बहिरा' झाला आणि कानापाशी राहिला. पुढे मूळचा बधिर हा शब्दही मराठीने ठेवून घेतला, पण त्याला काम दिले कातडीचे. 'हात बधिर झाला' म्हणजे हाताला स्पर्श कळेनासा झाला. एका शब्दाचे दोन वारस होऊन त्यांनी दोन इंद्रिये वाटून घेतली. 'सुन्न' हा तर शून्यातून आलेला. शस्त्रक्रियेपूर्वी संवेदना घालवण्याची विद्या १८४६ साली बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने जगापुढे आली, तेव्हा अमेरिकेत तिच्यासाठी ग्रीक शब्द शोधावा लागला. मराठीने मात्र घरातलाच 'भूल' हा शब्द उचलला. 'भूल दिली' म्हटले की आजही म्हाताऱ्या आजीला सर्व काही समजते.

आणि या सर्वांवर मराठीचे एक क्रियापद राज्य करते, ते म्हणजे 'जाणे'. डोळे गेले, कान गेला, वाचा गेली, पाय गेला. घरातले वडील माणूस वारले तरी आपण 'गेले' असेच म्हणतो. यात एक खोल समज आहे. चरकात सापडून हात तुटला तरी 'हात गेला' आणि वाऱ्याने हात लुळा पडला तरीही 'हात गेला'. अवयव राहिला की तुटला हे लोकभाषा विचारीत नाही. त्याचे काम राहिले की गेले, एवढेच ती विचारते. आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा हाच आहे.

लोकभाषेचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. हानीचे नाव तिने माणसालाच चिकटवले. आंधळा, बहिरा, लंगडा, थोटा ही विशेषणे माणसाच्या नावाआधी लागली आणि पुष्कळदा नावच पुसून टाकून बसली. 'वासरात लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' अशा म्हणी आपण सहज वापरतो. एकनाथांनी भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा यांना पात्रे करून लोकांना परमार्थ शिकवला, तो हेतू थोर होता. परंतु चावडीवर, शाळेत आणि गिरणीच्या दारात हेच शब्द माणसाला हिणवण्यासाठी वापरले गेले, हेही खरे आहे.

आता आपल्या मुलखात नवे वैद्यक कसे आले ते पाहू. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे दिसतात. पण १९४९ साली सांगलीकडचा जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने. त्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. या प्रदेशातील मिरज संस्थानात कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. पुढे तेथे वैद्यकीय शाळाही निघाली. दूरदूरची माणसे बैलगाडीने आणि आगगाडीने मिरजेला येऊ लागली. मोतीबिंदू काढून परत जाणारा माणूस गावात जाऊन 'डोळे आले' असे सांगू लागला. जे गेले ते परत येऊ शकते, ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या लोकांना ठाऊक नव्हती. मिरजेने ती दाखवली.

मिरजेतच कुष्ठरोग्यांसाठीही रुग्णालय झाले. या रोगाला पूर्वी 'महारोग' म्हणत आणि त्याचे खरे संकट लोकांना उमगलेले नव्हते. बोटे झडतात म्हणून लोक भीत. पण बोटे झडण्याआधी कातडी बधिर होते. चुलीचा चटका कळत नाही, पायात खिळा घुसलेला समजत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे जातात. म्हणजे आधी जाते ती जाणीव, अवयव मागाहून. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे, तो गेला की घर लुटले जाते. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी आपल्याकडचा १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा पुरता रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. शब्दाची भीती विज्ञानाहून किती चिवट असते, याचे हे उदाहरण.

साताऱ्यात याच काळातील दुसरी एक धारा दिसते. तेथील आयुर्वेदाच्या विद्यालयाने आपले नाव 'आर्यांग्ल वैद्यक' असे ठेवले. आर्य आणि आंग्ल अशा दोन्ही वैद्यकांना एका छपराखाली आणण्याची उमेद त्या एका शब्दात आहे. आणि सातारा जिल्ह्यातल्याच वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली, मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ साली आणि पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. कृष्णेच्या काठी बसून जगाची शास्त्रे मराठीत आणण्याचा हा उद्योग. तेथे लोकांच्या तोंडच्या 'मज्जातंतू'ऐवजी 'तंत्रिका' हा शब्द ठरला. पोलिओला 'बालपक्षाघात' म्हटले गेले. असे शब्द कठीण आहेत, म्हणून त्यांची थट्टा होते. आम्ही ती करणार नाही. पक्षाघाताच्या ओळखीच्या घरातच नव्या रोगाला जागा देणे हे शहाणपणाचे काम होते. दुर्दैव इतकेच की हे शब्द कोशात राहिले. डॉक्टरांचे शिक्षण इंग्रजीत, दाखला इंग्रजीत आणि रोगी मराठीत, अशी तिकटी कायम राहिली. पोलिओबद्दल एक समाधान आहे. भारतातला शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत नोंदला गेला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. कोशातला एक शब्द जुना होतो, याचा आनंद मानावा असे प्रसंग थोडेच असतात.

येथवर वैद्याचे आणि लोकांचे शब्द झाले. तिसरे दालन कायद्याचे. यंत्र आले तसा हानीचा प्रकार बदलला. ऊस घालताना गुऱ्हाळाच्या चरकात, कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात आणि कारखान्याच्या दाबयंत्राखाली हात जाऊ लागले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १९२४ च्या जुलैपासून तो अमलात आला. त्याला जोडलेले कोष्टक ज्याने वाचले नसेल, त्याने एकदा अवश्य वाचावे. कमावण्याची शक्ती किती गेली याचा तेथे शेकड्यात हिशेब आहे. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४०. दोन्ही हात गेले तर १००. माणसाचा देह असा सुटा करून त्याचे भाव लावलेले पाहिले की प्रथम अंगावर काटा येतो. पण या कोष्टकापूर्वी तुटलेल्या बोटाला भाव नव्हताच, मालकाच्या मर्जीवर काय मिळेल ते. तेव्हा हे कोष्टक म्हणजे कामगाराच्या हक्काची पहिली लेखी पावती होय.

त्या कोष्टकाच्या शेवटी एक लहानशी टीप आहे. तिचा आशय असा की, येथे सांगितलेल्या अवयवाचा उपयोग जर पूर्णपणे व कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असे धरावे. आम्ही ती प्रथम वाचली तेव्हा आमच्या खेड्यातली बोली आठवली. 'हात गेला' या दोन शब्दांत जे आमच्या आज्या-पणज्या म्हणत होत्या, ते कायद्याने सगळ्या अवयवांना लांबलचक वाक्यात लागू केले. हात लुळा पडून खांद्याला लोंबत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो गेलेला आहे.

याच विचाराचे पुढचे पाऊल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली टाकले. ओरिसातील एक सुतार चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही अंशतः हानी, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून या माणसाची हानी पूर्ण आहे. येथे हानी मोजली गेली ती हाताच्या लांबीवर नव्हे, हातातल्या धंद्यावर. हाच न्याय आमच्या मिरजेला लावून पाहा. मिरज जसे दवाखान्यांचे गाव, तसे तंबोऱ्या-सतारींचेही. तेथला कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो, ती केवळ कानाच्या भरवशावर. त्याचे ऐकणे थोडेसे जरी मंदावले, तरी घरच्या माणसांशी बोलायला त्याला अडचण पडणार नाही, पण धंदा मात्र गेला. उलट शेत नांगरणाऱ्याला तेवढ्या हानीने फारसे बिघडणार नाही. कान तोच, हानी तितकीच, आणि दोन माणसांचे नुकसान मात्र अगदी वेगळे.

या कानाच्याच प्रश्नावर आमचे गाडे अडते. कोष्टकात 'पूर्ण बहिरेपण' अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे १०० हा आकडा आहे. अर्ध्या, पाव बहिरेपणाला ओळच नाही. ते डॉक्टरने ठरवायचे. गोंगाटाने येणारे बहिरेपण धंद्यातील रोगांच्या यादीत आले, कारखाने कायद्याच्या परिशिष्टातही नमूद झाले. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपर्यंतची मर्यादाही नियमांत आली. पण विट्यासारख्या गावी यंत्रमागाच्या लहान लहान शेडमध्ये चार-सहा माणसे काम करतात. तेवढ्या माणसांची शेड कायद्याच्या व्याख्येत कारखाना होतच नाही. शिवाय बोट तुटते ते एका क्षणी. त्याला तारीख असते, साक्षीदार असतो, रक्त असते. कान जातो तो वीस वर्षे घेऊन. त्याला तारीख कोणती लिहायची? सुश्रुताने दृष्टीच्या हानीला पायऱ्या कल्पिल्या. आमच्या कोष्टकाला कानाच्या हानीची पायरी ठाऊक नाही.

आमच्याकडे असाच एक यंत्रमाग कामगार दाखला घेऊन आला होता. त्यावर 'बायलॅटरल सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस' अशी ओळ होती. त्याच्या मुलाने ती वाचून दाखवली असावी. त्यातला शेवटचा एक शब्द तेवढा त्याला समजला होता. तो म्हणाला, "अण्णा, ह्यो लॉस कुणाचा? मालकाचा का माझा?" दोन्ही कानांच्या आतली ऐकण्याची नस गेली आहे, एवढा सरळ त्याचा अर्थ. पण तो सांगायला त्याला तालुक्याच्या गावी येऊन आमच्यासारख्याला गाठावे लागले. ज्याचा कान गेला त्यालाच ते कागदावर वाचता येऊ नये, याला काय म्हणावे?

त्या कागदातील दुसरा घोटाळाही येथे सांगून टाकतो, कारण पुष्कळ लोक त्यात फसतात. जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर जो शेकडा आकडा असतो, तो शरीराच्या हानीचा. तो ४० किंवा अधिक असला की कित्येक सवलती मिळतात. भरपाईच्या दाव्यात जो शेकडा आकडा लागतो, तो कमावण्याच्या शक्तीच्या हानीचा. हे दोन आकडे एक नव्हेत. त्या सुताराच्या उदाहरणावरून हे ध्यानात यावे. एका कागदाने दुसऱ्याचे काम होत नाही, आणि प्रमाणपत्रावर आकडा कमी आला म्हणून भरपाईचा दावा सोडून देण्याचेही कारण नाही.

राहता राहिली माणसाला द्यायच्या नावाची गोष्ट. लुळा-पांगळा हे शब्द सरकारी कागदातून गेले आणि 'अपंग' आला. मग 'विकलांग' आला. १९८१ हे वर्ष जगभर अपंगांचे वर्ष म्हणून पाळले गेले. त्याआधी १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: देहातील दोष, त्यामुळे करता न येणारे काम, आणि समाजामुळे उभी राहणारी अडचण. पायात जोर नाही ही पहिली, चालता येत नाही ही दुसरी, आणि कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे ही तिसरी. पहिलीवर डॉक्टर इलाज करील, दुसरीवर कुबडी आणि चाकाची खुर्ची, पण तिसरीवर इलाज करायचा तो आपण सर्वांनी. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. त्याच सुमारास 'दिव्यांग' हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला. काहींना तो सन्मानाचा वाटतो. काहींना वाटते की ज्याला रोज जिना चढता येत नाही त्याच्या देहाला दिव्य म्हणणे ही थट्टा आहे. आम्ही या वादात एवढेच म्हणू की, नाव कोणते घ्यायचे हे ज्याचे नाव आहे त्याला विचारावे. चांगला शब्द ही चांगलीच गोष्ट. पण शब्द बदलला आणि कचेरीचा जिना तसाच राहिला, तर बदल पाटीवरच झाला.

१९२३ चा कायदाही आता इतिहासात जमा झाला आहे. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील 'कामगारा'च्या जागी 'कर्मचारी' आला, आणि पुढे तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कोष्टक नव्या परिशिष्टात गेले. नवे नियम घडत असताना जुन्या उणिवा भरून काढण्याची संधी असते, आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही, हा आमच्या चळवळीचा अनुभव आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही तीन मागण्या आपल्यापुढे ठेवतो. दाखला इंग्रजीत असला तर खाली दोन ओळी मराठीत असाव्यात. १९६४ चा राजभाषा अधिनियम असलेल्या राज्यात ही मागणी जगावेगळी नाही. त्या दोन ओळींत अवयवाचे नाव तर असावेच, पण त्या माणसाला आता कोणते काम करता येत नाही, हेही लिहिलेले असावे. आणि यंत्रमागावर माणूस कामाला लागताना व पुढे वर्षातून एकदा त्याचा कान तपासला जावा, म्हणजे हळूहळू जाणाऱ्या कानालाही तारीख मिळेल. यासाठी नवे शास्त्र लागत नाही. वाईच्या पंडितांनी शब्द तयार ठेवले आहेत, मिरजेने तपासणी शिकवली आहे, आणि 'गेला' म्हणजे काय ते आपल्या आज्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. ही तिन्ही एका कागदावर आणण्याचे काम मात्र उरले आहे, आणि ते आपण सातारा-सांगलीकरांनी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.